शेवटचं पान आणि धाकट्याचा अंगठा

धाकट्याचा अंगठा गोष्टीच्या शेवटाला चिकटला तो शनिवारी दुपारी, आणि त्यात दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता.

ताई कवळ्या पोचवायला गेली होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. घराच्या पुढच्या खोलीत तिची दातांची लॅब आहे. डॉक्टर लोक तोंडाचे ठसे पाठवतात, ताई त्यांवरून कवळ्या बनवते. त्या खोलीत शिरलं की वाटतं, सभा हसायला लागलेली आहे आणि माणसं तेवढी यायची राहिली आहेत. तर त्या हसऱ्या सभेसमोर, ताईच्या कामाच्या टेबलावर, धाकट्याने एक जुनी चित्रकथा उघडली, खिशातून आणलेलं एक पिवळं पान तिच्या शेवटी जुळवून ठेवलं आणि हाताला लागली ती बारकी बाटली उचलली. मोडलेली कवळी क्षणात सांधायचा गोंद होता तो. पान बसलं. पानाबरोबर अंगठाही बसला.

त्याने ओढून पाहिलं, फुंकर घातली, अंगठ्याची समजूत काढली. अंगठा ऐकेना. खरं तर हे पान आपण वाचायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. भेट द्यायची वस्तू आधी आपण वापरू नये. पण अंगठा पानावर आणि डोळे अंगठ्यावर, माणूस न वाचून जाणार कुठे? त्याने वाचलं. आणि वाचल्यावर अंगठ्याचं दुःख किरकोळ वाटायला लागलं.

पानावर तीनच चित्रं होती. पहिल्यात म्हातारा पाणबुड्या सोबत्याबरोबरच्या सामाईक हवेच्या नळीची आपली बाजू कापतो. दुसऱ्यात त्याचे सोबती पाण्यातून वर निघतात. तिसऱ्यात समुद्राच्या तळाशी नुसतं त्याचं शिरस्त्राण पडलंय आणि त्याच्या काचेतून एक मासा बाहेर बघतोय.

ही गोष्ट उद्या रविवारी ताईच्या घरी खेळली जाणार होती. त्या खेळात म्हातारा पाणबुड्या म्हणजे भाऊजी, ताईचा नवरा. आणि परवा, सोमवारी सकाळी, भाऊजींच्या छातीचं ऑपरेशन होतं.

आता गोष्ट 'खेळली जाणार' म्हणजे काय, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

ही भावंडं लहान असताना गल्लीच्या तोंडाशी एका काकांचं चित्रकथा वाचायला द्यायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन कपाटं आणि मध्ये काका. मुलं पुस्तकं न्यायची आणि परत करायला विसरायची. काकांनी रागावून पाहिलं, घरी जाऊन पाहिलं, शेवटी एक तोड काढली. प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी ब्लेडने कापलं आणि स्वतःच्या पेटीत ठेवलं. पुस्तक परत करा, मग पान मिळेल, तेही इथेच उभं राहून वाचायचं. त्या दिवसापासून एकही पुस्तक बुडालं नाही. कड्यावरून नायक लोंबकळतोय म्हटल्यावर पोरं जेवण टाकून काकांकडे पळायची.

धाकट्याचं नाक तेव्हा काकांच्या फळीपर्यंत पोचत नव्हतं. ताई शेवट वाचून यायची आणि घरी त्याला सांगायची. तिने सांगितलेले शेवट फार छान असत. पुढे मोठेपणी मित्रांशी बोलताना त्याच्या लक्षात आलं की त्यांना आठवणाऱ्या शेवटांशी आपल्या शेवटांचा काही मेळ नाही. मित्रांची स्मरणशक्ती कच्ची आहे, असं त्याने ठरवून टाकलं.

फक्त एका पुस्तकाचा शेवट त्याला कधीच मिळाला नाही. बुडालेल्या दीपस्तंभाची गोष्ट. ताई त्या दिवशी परत आली ती पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. म्हणाली, "काकांनी दुकान आवरलं. पुस्तकं मला देऊन टाकली. पण पेटी आधीच बांधून गेली रे, शेवट काही मिळाला नाही." धाकटा कितीतरी दिवस त्या दीपस्तंभात अडकून पडला होता. पुढे सवय झाली.

या शेवट नसलेल्या पुस्तकांचं ताईने काय करावं? तिने त्यांचे खेळ केले. दर रविवारी दुपारी लॅबचं टेबल पुसायचं, भोवती बसायचं. ताई प्रसंग सांगणार: काळोख आहे, पाणी गुडघ्याला लागलंय, वर कुणीतरी दोर कापतंय, बोला, काय करता? ज्याने त्याने आपल्या पात्राचं काय ते सांगायचं आणि गोष्ट अंगाशी यायला लागली की फासा टाकायचा. फासे गुलाबी. कवळीच्या हिरड्या ज्याच्या होतात त्याच मालाचे, उरल्यासुरल्यातून ओतलेले. पात्रांच्या बाहुल्याही त्याच मालाच्या. चाचे, राजकन्या, पाणबुडे, सगळ्यांचा रंग हिरडीचा.

चित्रकथेतून खेळ काढायची तिची स्वतःची रीत आहे. पहिल्यांदा नायक उपटायचा. "तो तोंडात असला की बाकीच्या दातांना कामच उरत नाही," असं ती म्हणते. नायक गेला की जो खड्डा उरतो त्यात आपण बसायचं. मग खलनायकाला नेमकं काय हवंय तेवढं ठेवायचं आणि त्याचं बोलणं फेकून द्यायचं, कारण जुने खलनायक फार बोलतात. मग चित्रांचे कोपरे बघायचे. नायकाच्या पाठीमागे एखादं अर्धवट दार असतं. चित्रकाराने जागा भरायला काढलेलं, त्यातून गोष्टीत कुणी कधी गेलेलं नसतं. ताईच्या खेळात नेमकं तेच दार उघडतं. त्या काळच्या छपाईत रंग रेघेबाहेर सरकायचे. एका चाच्याचा लाल कोट त्याच्या अंगापासून बोटभर लांब छापला गेला होता. त्यावरून ताईने असा चाचा केला, की ज्याचा कोट त्याच्याआधी खोलीत शिरतो. वरच्या मजल्यावरची सिस्टर, जिने उभा जन्म हॉस्पिटलात काढला, ती त्यानंतर आठवडाभर दिवा लावून झोपली.

ही निवृत्त सिस्टर खेळात गलबताची कप्तान असते. दुसरा गडी लिफ्टवाला. तो एकदा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला, पाणी मागायला ताईकडे शिरला आणि तेव्हापासून दर रविवारी येतो. तो खेळात पहिलवान. धाकटा स्वतः जहाजावरचा आचारी. संकट आलं की पिठाच्या पिंपात बसायचं, हे त्याचं धोरण. आणि भाऊजी पाणबुड्या. बेकरीची गाडी चालवणारा हा माणूस. वर्षानुवर्षं पहाटे उठून पाव पोचवत आला आणि चार महिन्यांपूर्वी जिना चढताना मधेच बसला. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली. भाऊजींनी डॉक्टरांना सांगितलं, "एक काम अर्धवट आहे, ते पुरं केल्याशिवाय मी तुमच्या टेबलावर झोपणार नाही." डॉक्टरांना वाटलं, मृत्युपत्र असेल. दीपस्तंभाची गोष्ट होती.

तेवढ्यात योगायोग असा, की धाकटा ज्या गाद्यांच्या दुकानात काम करतो तिथे काकांची मुलगी गादी घ्यायला आली. बोलण्यातून ओळख निघाली, ओळखीतून पेटी निघाली. माळ्यावरच होती म्हणे, आणि दीपस्तंभाचं पान तिच्यात होतं. धाकट्याला वाटलं, ताईला आत्ता हसवायचं असेल तर याहून मोठी भेट नाही. गेला महिनाभर ती कवळ्याच तेवढ्या हसऱ्या करत होती.

आणि ही अशी भेट निघाली.

ब्रश धुवायच्या औषधाने अंगठा सुटला, पण थोडी कातडी पानावर राहिली. शिरस्त्राणाच्या शेजारी ती जेलीफिशसारखी दिसत होती. पान मात्र जन्माचं बसलं होतं. ओढलं तर पुस्तकच फाटलं असतं. कुलूप वाजलं तेव्हा पुस्तक खणात होतं आणि अंगठा खिशात.

"काय रे, तू इथे?" ताईने पिशवी ठेवली. "दुकानाला सुट्टी?"

"अर्धा दिवस. ताई, ते दीपस्तंभाचं पुस्तक मला आजच्या दिवस देतेस?"

"कशाला?"

"वाचायला."

"तुला तोंडपाठ आहे ते."

"उजळणी."

ताईने त्याच्याकडे बघितलं. दातांचं काम करणाऱ्या माणसाची नजर वाईट. माणूस बोलतो काय याच्याआधी ती त्याचा जबडा बघते. "उद्या मला लागणार आहे ते," ती म्हणाली आणि पुस्तक खणातून काढून काखेत मारून आत गेली. "आणि खिशात काय धरून ठेवलंयस? विंचू आहे का?"

घरी जाऊन धाकट्याने जेवण चिवडलं. बायकोने विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "अहो, चित्रातला माणूस मेला त्याचा आणि ऑपरेशनचा काय संबंध?" काही संबंध नाही, हे धाकट्यालाही कळत होतं. पण संबंध नाही हे कळणं वेगळं आणि पोटाने ते मानणं वेगळं. ताई पान बघेल. हॉस्पिटलची पिशवी भरता भरता बघेल. मग उद्या ती गोष्ट कशी चालवणार, आणि परवा ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर कशी बसणार? रविवारी सकाळी त्याने फोन केला आणि खेळ पुढच्या महिन्यावर ढकलावा का, असं सुचवलं.

"भाऊजींना विचारते," ताई म्हणाली. फोनमधून भाऊजींचा आवाज आला, "त्याला म्हणावं, पिंपातून बाहेर ये."

दुपारी सगळे जमले. दाराशी हॉस्पिटलची पिशवी भरून ठेवली होती. वर टॉवेल, त्यावर चपला. येणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून आत येत होता, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. सिस्टर एरवी सगळ्यांच्या रक्तदाबाची चौकशी करते. आज ती हवेबद्दल बोलली. लिफ्टवाल्याने बिस्किटं आणली होती आणि ती कुणी खाईना म्हणून तो एकटाच खात होता.

ताई मांडीवर पुस्तक घेऊन बसली. पुढ्यात कवळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा उभा, म्हणजे बाकीच्यांना काही दिसू नये. खेळ सुरू झाला. दीपस्तंभ समुद्राखाली, आत चौघं, पाणी चढतंय. धाकट्याला ऐकू येत होतं ते फक्त पान उलटल्याचं. एक उलटलं. थोड्या वेळाने आणखी एक. मग ताईचा हात थांबला. तिने खाली पाहिलं. एकदा पानाकडे, एकदा धाकट्याच्या अंगठ्याकडे. मग तिने पुस्तक मिटलं, प्लास्टरच्या ट्रेखाली सरकवलं आणि म्हणाली, "पाणी छातीपर्यंत आलंय. पाणबुड्याची आणि आचाऱ्याची मिळून एकच नळी धड राहिली आहे. कप्तान आणि पहिलवान जिन्यात पोचलेत. बोला."

तिच्या आवाजात काही नव्हतं. पण मघापासून ती एक फासा मुठीत घट्ट धरून होती, आणि तो टाकायचा नव्हता.

भाऊजींनी आपली गुलाबी बाहुली बोटाने थोडी पुढे ढकलली. "मी नळी सोडतो," ते म्हणाले. "माझी बाजू कापून टाकतो. आचाऱ्याला पुरेल."

धाकटा जागेवरून अर्धवट उठला. "कापणार कशाने?" तो म्हणाला. "सुरी कुठाय तुमच्याकडे? सुरी मागच्या वेळी ऑक्टोपसात राहिली."

"सुरी माझ्याकडे आहे," लिफ्टवाला म्हणाला. त्याला वाटलं, मदत करतोय.

"तू जिन्यात आहेस, गप बस."

"मी वरून टाकतो की."

"टाकू नकोस. सिस्टर, सांगा त्याला. कप्तान आहात ना तुम्ही?"

सिस्टरने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला नाही. "ज्याची नळी त्याने ठरवायचं," ती खालच्या आवाजात म्हणाली. तिने हे वाक्य कुठेतरी पूर्वीही म्हटलं असावं.

"म्हणजे ठरलं," भाऊजी म्हणाले. "टाक रे सुरी."

"थांबा हो." धाकटा ताईकडे वळला. "ताई, तू काहीतरी सांग. दुसरं दार असेल. कोपऱ्यात एखादं दार असतंच तुझं."

"इथे दार नाही," ताई म्हणाली. गोष्ट चालवणाऱ्याने सुचवायचं नाही, हा तिचाच नियम. पण ती धाकट्याकडे बघत होती ती मात्र अशी, की लहानपणी वर्गात त्याला उत्तर आठवत नसलं की खिडकीबाहेरून बघायची तशी.

धाकट्याने टेबलावर पाहिलं. दोन गुलाबी बाहुल्या, मधे धाग्याची एक नळी. त्याला दाराशी ठेवलेली पिशवी दिसली, टॉवेल दिसला, चपला दिसल्या. मग त्याने जन्मात पहिल्यांदा पिंपाचा विचार न करता आचाऱ्याची बाहुली उचलली आणि पाणबुड्याला चिकटवून ठेवली.

"कापायची कशाला?" तो म्हणाला. "नळी काय एकाच तोंडाची असते? एक श्वास तुमचा, एक माझा. एक तुमचा, एक माझा. असं करत जिना चढू."

"खुळा आहेस. दोघंही मरू."

"मरू तर मरू. पण आळीपाळीने."

लिफ्टवाल्याच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. सिस्टरने चष्मा लावला. ताईने मूठ उघडली; फासा इतका वेळ दाबून धरला होता की तळहातावर त्याचे ठिपके उठले होते. "प्रत्येक वळणाला दोघांनी टाकायचा," ती म्हणाली. "एक आला तर त्याचा श्वास चुकला."

पहिल्या वळणाला ठीक पडलं. दुसऱ्याला भाऊजींचा एक आला. धाकट्याने आपला श्वास त्यांना दिला, त्या वळणाचा आपला फासा सोडून दिला. तिसऱ्याला खजिन्याची पेटी सोडावी लागली. जिच्यासाठी ही माणसं चार महिने समुद्र घुसळत होती ती पेटी टेबलावरून घरंगळत ताईच्या स्टुलाखाली गेली आणि कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. शेवटच्या वळणाला भाऊजींनी फासा हातात घेतला आणि टाकेनात. बोटांत तो नुसता फिरवत राहिले. हे त्या चार महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

"टाका ना हो," ताई म्हणाली.

त्यांनी टाकला. तीन. पुरे होतं. डोकी पाण्यावर आली, कप्तानाने दोर फेकला, पहिलवानाने ओढलं.

मग भाऊजी रागाने म्हणाले, "घालवलास माझा सीन."

"भाऊजी, तुम्हाला वाचवलं मी."

"वाचवायला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, आज इथे मरून घ्यावं, म्हणजे उद्याचा कोटा संपेल."

लिफ्टवाला हसला, मग आपण हसायला हवं होतं का अशा तोंडाने सिस्टरकडे बघायला लागला. सिस्टर उठली, भाऊजींच्या मनगटावर सवयीने बोटं ठेवली आणि म्हणाली, "उद्याचा कोटा तुम्ही नका ठरवू. तिथल्या नर्सला ओळखते मी, तिला ठरवलेलं आवडत नाही." भाऊजी हसले. मग त्यांनी बिस्कीट मागितलं आणि त्यांना आता काही खायची परवानगी आहे की नाही यावर दोघांचं भांडण लागलं.

ताई बाहुल्या गोळा करून आत गेली. धाकटा मागोमाग. नळ सोडून ती पाणबुड्याची बाहुली धूत होती, ती चांगली स्वच्छ असताना.

"ताई, ते पान..."

"बघितलं. माझा निम्मा गोंद संपवलास. आणि कातडी कसली चिकटवली आहेस तिथे?"

"मला माहीत नव्हतं गं त्यात काय आहे. तुला दाखवायचं नव्हतं नंतर. तुला वाईट वाटलं असेल."

"मी वाचलेलं आहे ते."

"कधी?"

"तेव्हाच. काकांच्या दुकानात उभं राहून. पेटी कुठेही गेली नव्हती." तिने पाणबुड्या फडक्यावर ठेवला. "तू तेव्हा मांजर आजारी पडलं तरी तापाने फणफणायचास. म्हातारा मेला म्हणून सांगितलं असतं, तर आठवडाभर आईने मला झोपू दिलं नसतं."

धाकट्याच्या मनात इतक्या वर्षांचे सगळे शेवट एकेक करून हलायला लागले. ते बोटीवरचं लग्न, तो सुधारलेला दरोडेखोर. "म्हणजे बाकीचे पण..."

"काही काही खरे होते."

"आणि हे माहीत असून तू भाऊजींना पाणबुड्या होऊ दिलंस?"

"त्यांनी मागितला. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं." तिने नळ बंद केला. "चित्रात नळी एक, माणसं दोन. मला तेव्हापासून वाटायचं, ही माणसं आळीपाळीने श्वास का घेत नाहीत. पण मी सुचवायचं नाही ना. म्हणून बसले होते, कुणी म्हणतंय का बघत." तिने तळहात चोळला. "फार उशीर लावलास. माझा हात गेला मुठीत."

बाहेरून लिफ्टवाल्याने हाक मारली, गाडी आली म्हणून. ताईने हात पुसले, पाणबुड्या पदराला पुन्हा एकदा कोरडा केला आणि हॉस्पिटलच्या पिशवीत टॉवेलाच्या घडीत खोचला. भाऊजी जिन्याशी सिस्टरचा हात धरून सावकाश उतरत होते. लिफ्ट नेमकी बंद होती आणि लिफ्टवाला मान खाली घालून त्यांच्या चपला घेऊन चालला होता. ताई दार लावायला वळली. धाकट्याने पिशवीचा एक बंद धरला. अंगठा ठसठसत होता.

"ताई," तो म्हणाला, "उद्या सगळं नीट होईल ना गं?"

"मला माहीत नाही, आणि उद्याचं पान तू शोधायला जाऊ नकोस."